शिट्टी

“काका, ब्रेक! शिट्टी वाजवा!” कानातल्या यंत्रातून शौनक ओरडला.

पंच हिंमतराव तेव्हा वाघोलीच्या कुस्ती मैदानात लाल मातीवर गुडघे टेकून वाकले होते. रणजितने घिस्सा मारून समोरच्याला उलथा केला होता. एक खांदा तेवढा मातीला लागायचा राहिला होता.

“अहो, डाव लागलाय,” हिंमतराव पुटपुटले.

“जाहिरातीची वेळ झालीय, काका. नंतर परत तसंच धरायला सांगा ना!”

धन्य! म्हणजे चूल विझवायची आणि तव्यावरची भाकरी मागाहून फुगेल म्हणायचं. दुसरा कुणी असता, तर हिंमतरावांनी त्याला तिथंच झापलं असतं. पण हा शौनक होता. वाहिनीच्या या पोराने सकाळी यंत्र कानात बसवलं आणि दिवसभर विचारत राहिला, ‘काका, चहा घेतलात का? उन्हाचा त्रास नाही ना होत?’ बायको, यमुनाबाई, गेल्यापासून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये असं विचारणारं कुणी नव्हतं. म्हातारा सुखावला होता. जेवतानाही त्यांनी यंत्र काढलं नव्हतं.

त्या आवाजाला नाही म्हणणं जिवावर आलं. शिट्टी वाजली.

रणजितने चमकून वर पाहिलं. “काय चुकलं माझं, पंच? धरला हाय की मी!”

“सोड,” हिंमतराव म्हणाले.

मातीत पंचाशी हुज्जत घालत नाहीत. रणजितने पकड सोडली. मैदानभर शिट्ट्या आणि हुर्यो उठली. जाहिराती संपल्यावर कुस्ती उभ्यानं लागली, कारण सुटलेली पकड पुन्हा कुणी हातात देत नाही. दम खाऊन ताज्या झालेल्या समोरच्या पैलवानाने आल्या आल्या ढाक लावली आणि रणजितची पाठ मातीला टेकली.

हिंमतरावांनी दुसऱ्याचा हात वर केला. त्यांना स्वतःची शरम वाटली.

“मस्त झालं, काका!” शौनक म्हणाला. “जाताना यंत्र तेवढं टेबलावर ठेवा हं.”

रिवाजाप्रमाणे रणजित पाया पडायला वाकला. “येतो, पंच.”

‘पोरा, तू जिंकला होतास,’ एवढंच म्हणायचं होतं. हिंमतरावांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. रणजित निघून गेला.

घरी परतताना जिन्यात शेजारच्या नंदाताई भेटल्या. “टीव्हीवर दिसलात की! तुम्ही शिट्टी वाजवलीत आणि नेमकी तेलाची जाहिरात लागली. मग आम्ही बंदच केला. कोण जिंकलं हो?”

“रणजित,” हिंमतराव म्हणाले आणि कुलूप उघडून आत गेले.

घरात नेहमीसारखीच शांतता होती. हात दोनदा कानाकडे गेला. पांढरा पायजमा भिजवायला त्यांनी बादली भरली, तेव्हा पायजम्याच्या पायाशी, काठावर, लाल मातीची बोटं उमटलेली दिसली. पाया पडताना रणजितचे हात तिथं टेकले होते.

हिंमतरावांनी बादली तशीच ओतून दिली. पायजमा खुंटीला टांगला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिले.