वाघाचा रिपोर्ट

बाईंच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नाही. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मी निवृत्त ग्रंथपाल, दोघेही एकटे. त्यांनी लिहिलं होतं, लग्नाला माझी तयारी आहे. लैंगिक आजारांची तपासणी मी करून आले, सगळं ठीक आहे. तुम्हीही करून घ्या आणि मग कळवा. फार वाट पाहणार नाही.

ते पत्र मी शब्दकोशात दडवलं, तेही 'ल'पासून लांबच्या पानात.

पण बाई हातच्या जातील या धास्तीनं शेवटी मफलर गुंडाळून दवाखाना गाठला. तिथे नाव विचारत नाहीत. खूणनाव आपणच निवडायचं. ते सांगेल त्यालाच रिपोर्ट. मला काही सुचेना, मागे रांग खाकरू लागली. समोरच्या कॅलेंडरवर वाघ होता. घाईत तेच लिहून मोकळा झालो.

रिपोर्ट घ्यायला गेलो, मागे दार लागलं आणि पाहतो तर नर्सच्या खुर्चीत माझी सख्खी भाची. तिची बदली इथे झाल्याचं मला ठाऊकच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बसा आजोबा. खूणनाव?"

जन्मापासून ही मला मामा म्हणते. मी चाचरत म्हटलं, मी कोण ते तुला ठाऊक आहे. त्यावर ती म्हणाली, या खोलीत ती कोणालाच ओळखत नाही, आणि खूणनावाशिवाय सख्ख्या मामालाही रिपोर्ट मिळणार नाही.

मी पुटपुटलो. तिला ऐकू आलं नाही. बाई डोळ्यांपुढे आल्या. मफलर खाली ओढला.

"मी वाघ आहे."

तिनं मला चपलांपासून टकलापर्यंत न्याहाळलं आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं. रिपोर्ट चांगला होता. मग तिनं लाकडी नमुन्यावर निरोध चढवून दाखवला. मी खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिलो.

"आजोबा, कुंडीला नाही घालायचा. इकडे बघा."

संध्याकाळी ती तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला घेऊन घरी आली. दवाखान्यात मिळालेली निरोधची पाकिटं अजून माझ्या खिशातच होती. मी जपून बसलो. ताईला भारी चौकशा. तुझ्या दवाखान्यात कोण कोण येतं गं, म्हणून लेकीच्या मागेच लागली.

"माणसं येतात," भाची म्हणाली. "मामा, चहात साखर किती?"

त्या गेल्यावर मी लिहायला बसलो. तपासणी झाली, सगळं ठीक, माझा होकार. चार मसुदे फाडले. पाचव्याखाली स्वतःचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो.