मोकळी सोडलेली पिन

हिवाळ्याच्या अखेरच्या आठवड्यात, औद्योगिक वसाहतीतील एका अरुंद गाळ्यात, खिडकीलगतच्या टेबलावर माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड आहे. अंडी उबवण्याच्या पेटीतील ऊब कमीजास्त होऊ न देणे, हे माझे जन्मभराचे काम.

मला घडवले गाळ्याच्या मालकांच्या धाकट्या मुलीने. बोर्ड गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरला तर आराखड्यांचे टेबल तिचे, असा शब्द वडिलांनी तिला दिला होता. त्या टेबलावर तोवर तिचा थोरला भाऊ बसत असे. तपासणीच्या दिवशी त्याने तिला प्रश्नांनी भंडावून सोडले. तिने प्रत्येकाचे उत्तर शांतपणे दिले. शेवटी माझ्या कडेच्या तिळाएवढ्या रोधकावर, म्हणजे रेझिस्टरवर, बोट ठेवून त्याने विचारले, "आणि हा कशाला?"

"दादा, त्यानं रीसेटची पिन बांधून ठेवलीय. ती मोकळी राहिली तर जवळून नुसता हात गेला तरी बोर्ड बंद पडेल आणि पहिल्यापासून सुरू होईल."

"म्हणजे तुझ्यासारखाच. जवळ गेलं की बिथरतो."

वडील हसले. तीही हसली.

गिऱ्हाईक यायचे होते त्या सकाळी ती हात धुवायला गेली असता दादाने सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने तो रोधक उचलला आणि केरात टाकला. मला वेदना झाली नाही. वाचा नव्हती, एवढेच दुःख.

उबवणी केंद्राच्या मालकीणबाई आल्या तेव्हा मी उत्तम चालत होतो. धाकटीने आकडे दाखवण्यासाठी हात पुढे केला आणि मी विझलो. हात मागे गेला, मी जागा झालो. पुन्हा हात आला, पुन्हा विझलो. ज्या बोटांनी डोळ्यांत तेल घालून मला घडवले, त्याच बोटांची मी चारचौघांत फजिती करीत होतो. यंत्रालाही माणूस कळतो, असे दादा लांबूनच म्हणाला. बाईंना हसू आवरेना.

ती माझ्यावर वाकली. रिकाम्या जागी ओघळलेले ताजे सोल्डर तिला दिसले. तिने मान वर करून भावाकडे पाहिले.

"विसरलीस ना गं?" तो मायेने म्हणाला.

खरे बोलावे, तर घरची लक्तरे गिऱ्हाइकासमोर निघणार आणि काम हातचे जाणार.

"हो," ती म्हणाली. "विसरले."

दादाने नवा रोधक बसवला. बाईंनी त्याच्या हाताची वाखाणणी केली आणि काम देऊन टाकले. पुढे कित्येक वर्षे मी पिलांच्या पिढ्या उबवल्या. माझ्यावरची धूळ मात्र कोणी फुंकरीनेही उडवली नाही. आता भंगारात आहे. मित्रांनो, मुक्या वस्तूकडून कोणतीही साक्ष वदवून घेता येते. म्हणून आपल्या हातचे काम डोळ्यांआड होऊ देऊ नका.

त्या दिवशी बाई गेल्यावर वडील मुलीकडे वळले.

"उद्यापासून तू खोकी बांध," ते म्हणाले.