हरिओमच्या शेरवानीचं माप

वर्गातल्या सगळ्या मुली पुण्याला गेल्या, आणि मी लातूरहून कॉम्प्युटर शिकून नांदेडच्या इतवाऱ्यात, अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात बसले. राग आहेच, पण कामात मी कच्ची नाही. अब्बांच्या वहीत आखलेले रकाने होते आणि गिऱ्हाइकं रकान्यात मावत नव्हती. महादेवप्पांचा डावा खांदा उतरलेला, शेषेरावांना बंडीला आतून तंबाखूचा खिसा लागतो. म्हणून मी दुकानात कॉम्प्युटर आणून त्यावर डॉक्युमेंट डेटाबेस बसवला. प्रत्येक ऑर्डरचा आपला कागद, त्यात वाट्टेल ते लिहा. अब्बा खूश झाले, तरी अट घातलीच. "इकरा, एक कपडा बिघडला की हा डबा घरी."

हरिओमची वरात दुपारी निघणार होती आणि सकाळी शेरवानीची बटणं लागेनात. त्याची आई, चतुरामावशी, त्याला ओढतच घेऊन आल्या. "फारूकभाई, माप चुकवलं तुम्ही! आता नवरदेव काय बनियनवर नेऊ?"

मी स्क्रीनवर हरिओमचे दोन्ही कागद उघडले. शेरवानी दिवाळीत सांगितलेली. मागच्या महिन्यात हळदीच्या कुर्त्यासाठी मी नवं माप घेतलं, पण ते कुर्त्याच्या कागदावर. इथे प्रत्येक कागद आपलं माप आपल्याजवळ ठेवतो. एक बदलला तरी दुसऱ्याला पत्ता नसतो. त्यानंतर कारागिरानं शेरवानी कापली ती तिच्या कागदावरच्या जुन्या मापावर. चूक माझीच होती.

तरी स्क्रीन फिरवली. "मावशी, दिवाळीत पोट चौतीस. मागच्या महिन्यात अडतीस."

"चार इंच? काय खाऊन राहिला रे?"

"केळवणं," हरिओम पुटपुटला. "अकरा झाली. तूच तर धाडत होती."

मावशींनी शेरवानी अब्बांच्या हातात दिली. जुनं माप पुसलं गेलं नव्हतं, तेवढ्यानं मी वाचले.

अब्बांनी तोवर शिवण उसवली होती. आत दोन-दोन बोटं कापड सोडलेलं. "नवरदेव फुगतोच," ते म्हणाले. तासाभरात बटणं लागली आणि मायलेक गेले.

मी कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला लागले. रडू येत होतं.

"काय करून राहिली?"

"चूक झाली ना, अब्बा. डबा घरी."

"ठेव तिथंच." अब्बांनी आवाज हळू केला. "माझ्या निकाहची शेरवानी मीच शिवली होती. माझ्याच वहीतनं माप काढून. फोटोत सगळीकडं पोटावर हात ठेवून का उभा हाय, कधी विचारलंस?"