मानकऱ्यांची यादी

उमाशंकर बिराजदार यांना कुणी नुसतं उमाशंकर म्हटलेलं चालत नाही. 'सर' लागतं. सर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत की कॉलेजात नाहीत. लोहाऱ्यात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर सर बसतात. पण बारा वर्षांपूर्वी त्यांनी 'बोलका' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते चांगलं लिहिलं, हे मी आजही नाकारत नाही. कंप्युटरच्या पडद्यावर मराठीत जे असेल ते बोलका मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्याला दिसत नाही तो कानानं वाचतो आणि बोटांनी लिहितो. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. सर प्रत्येक भाषणात सांगतात, "बोलका माझा नाही, समाजाचा आहे." फक्त समाजानं त्याला हात लावायचा तर सरांना विचारून लावायचा.

माझा मोठा भाऊ बिराप्पा याच बोलकावर शिकला. काचबिंदूनं एकविसाव्या वर्षी त्याचे दोन्ही डोळे गेले. तोवर तो येरमाळ्याच्या माळावर वडिलांबरोबर मेंढरं राखायचा. वडील गेले, मेंढरं विकली, आणि दादानं एका जुन्या कंप्युटरसमोर बसून पाच वर्षं कान घासले. अंधांच्या राखीव जागेतून तो धाराशिवच्या एका कचेरीत लिपिक म्हणून लागला, तेव्हा आईनं येडेश्वरीची ओटी भरली आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

नेमणुकीला एक अट होती. दोन वर्षांच्या आत कंप्युटरची परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी. दादाची दोन वर्षं यंदाच्या मार्चअखेर भरत होती. परीक्षा वीस मार्चला.

अडचण दिवाळीनंतर सुरू झाली. कचेरीत नवीन पद्धत आली. सगळी माहिती तक्त्यांत, आणि तक्ता आला की बोलका गडबडायचा. चौकटीत नाव असो की तारीख, बोलका म्हणायचा, "रिकामं. रिकामं. रिकामं." परीक्षेतही तक्त्यातली माहिती वाचूनच पत्रं तयार करायची होती. मी येरमाळ्याच्या एका क्लासमध्ये कंप्युटर शिकवते. कोड लिहायला मी कुणाच्या पाया पडून शिकले नाही, आपली आपण शिकले. दोन आठवडे बोलकाच्या आत डोकं घालून बसले आणि चूक सापडली. चौदा ओळी बदलाव्या लागल्या. माझ्या लॅपटॉपवर बोलका तक्ते घडाघडा वाचायला लागला. दादानं हातानं चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

पण कचेरीत आणि परीक्षा केंद्रावर माझा लॅपटॉप चालणार नव्हता. तिथं फक्त बोलकाच्या पानावरची अधिकृत आवृत्ती चढवतात, आणि अधिकृत काय ते सर ठरवतात. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या चौदा ओळी सरांकडे पाठवल्या.

इथवर सगळं सरळ होतं. पुढं नावाचं प्रकरण आलं.

बोलकाबरोबर एक फाईल असते, त्यात काम करणाऱ्यांची नावं असतात. जगभर अशा फाईलला साधं काहीतरी नाव देतात. सरांनी तिचं नाव 'मानकरी' ठेवलंय. गावच्या जत्रेत पहिला मान कुणाचा यावरून डोकी फुटतात; सरांनी ती भानगड कंप्युटरमध्ये आणून ठेवली. पहिलं नाव सरांचं. दुसरं नाव सरांच्या दिवंगत आजोबांचं, ज्यांनी कंप्युटर कधी पाहिला नाही. मग पाच-सहा जण. सरांनी उत्तर पाठवलं की दुरुस्ती योग्य आहे, ती 'बोलका परिवार' या नावानं स्वीकारली जाईल, मानकऱ्यांत नाव येण्यासाठी तीन वर्षं सेवा करावी लागते.

सेवा! माझं टाळकं सरकलं.

खरं सांगते, मला ते नाव हवं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला विचारलं होतं, कुठल्या मोठ्या प्रकल्पात तुमचं नाव आहे का? क्लासमध्ये 'फाईल उघडा, फाईल बंद करा' शिकवून माझा जीव विटला होता. पण बोलका वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर मी यातलं काही लिहिलं नाही. तिथं मी तत्त्वाची भाषा केली. तीनशे ऐंशी लोकांसमोर लिहिलं की काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणत नाहीत, याला सरंजामशाही म्हणतात.

मग काय विचारता! लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला टोपी-टॉवेल द्यायचा राहिला की तो जसा मांडवाबाहेर जाऊन बसतो, तसे सर बसले. माझी दुरुस्ती 'विचाराधीन' झाली. सरांनी दोन पानी पत्र लिहिलं, त्यात चौदा ओळींबद्दल एक शब्द नव्हता. 'आजच्या पिढीतील कृतघ्नता' यावर होतं सगळं. खाली हात जोडल्याची चित्रं टाकणाऱ्यांची रांग लागली. मीही मागं हटले नाही. रोज क्लासवरून आले की उत्तराला उत्तर. आपण किती धारदार लिहितो हे मी पुन्हा पुन्हा वाचून बघत असे. फेब्रुवारी असाच गेला.

एके संध्याकाळी दादा म्हणाला, "समृद्धे, नावाचं मरू दे की. त्येंच्या नावानं जाऊ दे. मला वाचाय आलं म्हंजे झालं."

"दादा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"व्हय," तो म्हणाला. "पर परीक्षा माझी हाय."

मार्च उजाडला तेव्हा माझी तत्त्वं जरा मऊ झाली. एक शाल आणि नारळ घेतला, एसटीनं धाराशिव आणि तिथून जीपनं लोहारा गाठलं. दुकानाबाहेर फ्लेक्स होता: 'मुक्त संगणकयुगाचे जनक'. माडीवर सर गादीवर बसले होते. कपाळावर विभूती, समोर तीन पडदे. मी शाल पांघरली, नारळ दिला, चुकलं म्हणाले. ते वाक्य जिभेवरून उतरताना काटे टोचल्यासारखं झालं.

सरांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा खुलला. "अहो, आम्हाला काय पाहिजे? मान बी नको आन् पान बी नको," ते म्हणाले. "माणसानं माणसाला इचारावं, येवढंच. तुमचा भाऊ तो माझा भाऊ. दुरुस्ती आजच घालतो. आन् नावाचं म्हणाल तर फाईलीतलं नाव कोण वाचतंय? तुमचं नाव असं घेतो की समद्यांच्या कानावर पडंल."

त्यांनी चहा मागवला. परत येताना मी जीपमध्ये खिडकीशी बसून हसत होते. भांडून का होईना, मिळवलंच की!

सतरा मार्चला सरांनी नवीन आवृत्ती माझ्याकडं तपासायला पाठवली. तपासणारी म्हणून माझं नाव, खाली सरांची मंजुरी. मी ती क्लासच्या कंप्युटरवर चढवली. सुरू करताच सरांचा स्वतःचा आवाज आला, ध्वनिमुद्रित केलेला, खर्जातला: "ॐ नमः शिवाय. बोलका या मुक्त प्रणालीत आपले सहर्ष स्वागत. निर्माते, मार्गदर्शक आणि आधारस्तंभ श्री. उमाशंकर बिराजदार, लोहारा. या आवृत्तीसाठी विशेष सहकार्य, कुमारी समृद्धी देवकते, येरमाळा."

मी बंद करून पुन्हा सुरू केलं. मग तिसऱ्यांदा. 'कुमारी समृद्धी देवकते' म्हणताना सर किंचित थांबत होते, ते मला आवडलं. पडद्यावर आधीच एक तक्ता उघडा होता, बोलकानं तो नीट वाचला. मी 'तपासलं, योग्य' असं लिहून पाठवलं. त्याच दुपारी पुण्याच्या कंपनीला दुवा पाठवला. त्यांनी पुढच्या सोमवारी मुलाखतीला बोलावलं. परीक्षा केंद्रावर नवीन आवृत्ती चढली. दादा मात्र घरी माझ्या लॅपटॉपवर, माझ्या जुन्या प्रतीवर सराव करत राहिला. त्यावर नवीन आवृत्ती चढवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलाखतीचे कपडे इस्त्री करण्यात मी गुंतले होते.

वीस तारखेला दादाला केंद्रावर घेऊन गेले. त्याला खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि बाहेर काचेपाशी उभी राहिले. परीक्षा अर्ध्या तासाची होती. दादाचा हात भरभर चालला, मग थांबला. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं पुन्हा चालला, पुन्हा थांबला. मला वाटलं, किती शांतपणे करतोय! घाई नाही, गडबड नाही. शेजारी उभ्या बाईला मी सांगितलंही, माझा भाऊ आहे तो.

बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बारा पत्रांपैकी पाच झाली होती. पास व्हायला नऊ लागत.

"काय झालं?" मी विचारलं. "तक्ता वाचला नाही का?"

"तक्ता लई भारी वाचला," दादा म्हणाला. "पर तक्ता उघडला की त्येंचं सवागत. पत्र उघडलं की सवागत. परत तक्त्याला आलो की परत सवागत. मधी थांबवाय गेलो तर थांबंना. बटनंच चालत न्हाईत तवर. म्या इसापतोर आकडं म्हणून बघितलं, तवा कुठं संपायचं." जरा थांबून तो म्हणाला, "शेवटाला तुझं नाव येतंय. त्ये आलं की म्या वळखायचो, आता हात चालवायचा."

 क्लासमध्ये तपासताना मी पडद्यावर दुसरी खिडकी उघडलीच नव्हती. ज्याला दिसतं तो एक तक्ता डोळ्यांनी पाहून समाधान मानतो. बोलका वापरणारा माणूस या खिडकीतून त्या खिडकीत पन्नास वेळा जातो, हे मला घरात राहून ठाऊक होतं. मी तपासलं नव्हतं. मी स्वतःचं नाव ऐकलं होतं, तेही तीनदा.

सरांना फोन लावला. माझा आवाज चढायच्या आत ते म्हणाले, "आवाज कसा वाटला? लातूरच्या स्टुडिओत जाऊन केलाय. मधी थांबवता येऊ नये असं मुद्दाम ठेवलंय, नाहीतर लोक मान राखत न्हाईत." मी फोन बंद केला. त्यांना शिव्या द्यायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं, तरी पुढे दिवसभर मनातल्या मनात देत राहिले.

केंद्रप्रमुख शांतलिंग म्हणून एक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं. "अर्ज लिहून द्या," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरमुळं वेळ गेला, हे स्पष्ट पाहिजे. आवृत्ती कुणी केली, कुणी तपासली, जबाबदार कोण, सगळी नावं घाला. समितीला पटलं तर फेरपरीक्षा मिळंल. पटायला मात्र अर्ज पुरा पाहिजे. अन् एक सांगतो, समिती त्या लोकांनाही पत्र काढंल, ते पत्र जाहीर असतंय."

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बाकड्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. अर्ज मला चांगला लिहिता येतो. दादाचे दोन वर्षांचे कष्ट लिहिले, नोकरी गेली तर घरात दुसरा आधार नाही हे लिहिलं. श्री. उमाशंकर बिराजदार यांनी स्वतःच्या प्रसिद्धीसाठी अंध वापरकर्त्यांचा वेळ कसा वाया घालवला, यावर एक परिच्छेद लिहिला, त्यात माझी फेब्रुवारीतली सगळी धार होती. 'आवृत्ती कुणी तपासली' या ओळीशी आले. सोमवारची मुलाखत आठवली. ती ओळ मी लिहिली नाही. लिहिलं, 'सदर आवृत्ती पुरेशा तपासणीविना प्रसिद्ध करण्यात आली.' हे खोटं नव्हतं.

दादा न ऐकता कशावर सही करत नाही. हेडफोन लावून त्यानं अर्ज पहिल्यापासून ऐकला. माझ्या जुन्या प्रतीत स्वागत नव्हतं, त्यामुळं पटकन संपला. हॉटेलवाल्यानं चहा आणून ठेवला. दादानं तो घेतला नाही. एका ठिकाणी मागं जाऊन त्यानं तेवढाच भाग परत ऐकला. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"तुझं नाव न्हाय यात," तो म्हणाला.

मी म्हणाले, "दादा, सोमवारी माझी..."

"ठावं हाय."

"सरांचं नाव आहे की. समितीला तेवढं पुरेल."

 समितीला पुरलं नाही तर काय, हे मला विचारेल म्हणून मी उत्तर शोधत होते. त्यानं विचारलं नाही.

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी छापील कागद आणला. दादानं खिशातून पेन काढलं आणि हात पुढं केला. सहीची जागा कुठं आहे ते त्याला दिसत नाही, म्हणून त्याचं बोट धरून मीच त्या रेघेवर नेऊन ठेवलं.