नागाबाईचं बोट

नागाबाई गेली तेव्हा उज्वला पाळण्यात होती. फोटो काढायचं राहूनच गेलं होतं. शेषेरावांपाशी बायकोची खूण म्हणून उरलं ते एवढंच, पोथीच्या पहिल्या पानावरचं कुंकवाचं बोट. श्रावणात वाचन सुरू व्हायच्या आधी ती ओलं कुंकू लावायची, आणि चांगलं दाबून लावायची. "पोथी हाय का पोळपाट?" म्हणून शेषेराव चिडवायचे.

पोथी पणजोबांच्या हातची. नागाबाई गेल्यावर वर्षभरातच पोथीला वाळवी लागली. तेव्हा राष्ट्रीय विद्या अकादमीची माणसं उमरीला आली. आमचं शे-दीडशे वर्षांचं ग्रंथालय आहे, म्हणाली. देशभरातलं जुनं लिहिलेलं तिथं राखतो, तुमची पोथीही जगेल. शेषेरावांनी छातीवर दगड ठेवून दिली. घरात ठेवली असती तर तिची मातीच झाली असती की!

यंदा अकादमीनं निवडक पोथ्या नांदेडला प्रदर्शनात आणल्या. उज्वला लातूरहून पहिल्या एसटीनं आली. "आबा, आईचं कायतरी तर बघायला भेटंल," स्टँडपासून तिचं हेच चाललेलं.

गर्दीत ती जरा मागं राहिली. शेषेराव काचेच्या पेटीपाशी पोचले आणि पहिल्या पानावर वाकले. पान कसं लख्ख! बोट नव्हतंच.

शेजारी अकादमीत पोथ्या दुरुस्त करणाऱ्या दीपालीमॅडम उभ्या होत्या. कौतुकानं म्हणाल्या, "तेल, हळद-कुंकू, सगळे डाग मी स्वतः काढलेत, आजोबा. नाहीतर कागद कुजला असता."

कप्पाळ! बाईनं जीव ओतून काम केलेलं. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

"लई चांगलं केलंत," शेषेराव म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. आपणच नागाबाईला पुसायला देऊन बसलो, असं वाटून जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात उज्वला येऊन पोचली. "कुठाय हो आबा, आईचं बोट?"

शेषेरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पानाच्या कडेला ओलीचा एक जुना, फिकट तांबूस डाग तेवढा न निघता राहिला होता. त्यांनी तोच दाखवला. "हे बघ, माय."

दीपालीमॅडम काहीतरी सांगायला गेल्या, शेषेरावांकडं बघितलं, आणि उज्वलाला जागा करून बाजूला झाल्या.

उज्वलानं काचेवर, बरोबर त्या डागावर, आपलं बोट टेकवलं. बराच वेळ काढलंच नाही.

"माझ्याएवढंच होतं की हो आईचं बोट."

"हाव," शेषेराव म्हणाले. "तुझ्याएवढंच."