संडासात टांगलेली सोनेरी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी सोनेरी तबकडी आहे. माझ्यामुळे इंग्लंडातल्या शेफील्डच्या ग्लेनिसने एका रविवारी स्वतःची गाणी कायमची सोडली. छे, तसे काहीही घडलेले नाही. त्या रविवारी सगळे पोटभर जेवले आणि पुडिंगही छान फुगले होते.

जन्मतः मी काळी. १९७९ साली रेकॉर्ड कंपनीने ग्लेनिसची एकटीची गाणी चार हजार तबकड्यांवर छापली. सतरा खपल्या. ग्लेनिसची स्वतःची प्रत रेडिओवाल्यांनी नेली, ती परत आलीच नाही. बाकीच्या गोदामाच्या आगीत गेल्या, असे कंपनीने तिला कळवले. घरातले माणूस गेल्यासारखी ती आठवडाभर रडली. आम्ही खोक्यांत सुखरूप होतो. आग बिचारी कुठेच लागली नव्हती.

मग क्लाइव्ह आला. त्याच्याकडे ढोलाचा आवाज काढणारे यंत्र होते. ग्लेनिसचा आवाजही त्याने यंत्रातून गाळून घेतला. १९८२ मध्ये या जोडीचा अल्बम असा खपला, की कंपनीला बक्षीस म्हणून सोनेरी तबकड्या वाटाव्या लागल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, "गोदामात पडलंय ते आणा, मुलामा द्या, नवं लेबल चिकटवा. टांगायची वस्तू, वाजवतंय कोण!" त्या धंद्याची ही रीतच. अशी मी सोन्याची झाले. फोटोसाठी ग्लेनिसने मला छातीशी धरले. आत तिचीच गाणी होती, आणि मला तोंड नव्हते.

तिने मला आईला दिले. आईने मला संडासात टांगले. आमच्याकडे बक्षिसे तिथेच लावतात; बढाई दिसत नाही आणि बसलेल्या पाहुण्याची सुटकाही होत नाही.

त्या रविवारी क्लाइव्ह पुढच्या अल्बमचा करार घेऊन जेवायला आला. ग्लेनिस त्याला नाही म्हणणार होती. जळालेली गाणी ती पुन्हा, एकटीने गाणार होती. तिने तोंड उघडायच्या आत आईने मला काचेच्या चौकटीतून सोडवून आणले.

"तुमचा अल्बम मला कुणी फुकट दिलाच नाही. म्हटलं, हाच लावू या."

सुई टेकली. ग्लेनिसचा जुना, न गाळलेला आवाज खोलीभर झाला. तिच्या हातातला चमचा हवेतच राहिला.

"हे जळालं नव्हतं?" ती पुटपुटली. चेहरा असा उजळला, की माझे सोने फिके पडले.

"कोण गं ही?" आई म्हणाली. "बाईचं कुणी गेलंय का?"

क्लाइव्ह बटाटा चावत हसला. "ग्लेनिस, त्या सतरा जणांत आई नव्हती वाटतं!"

"बंद कर बाई ते रडगाणं. तुमचं धमधम लाव. त्यात तू किती गोड गातेस!"

ग्लेनिसने सुई उचलली. लेकराचे तोंड पदराने पुसावे तसे मला बाहीने पुसले.

"चुकीची आलीय गं, आई," ती म्हणाली, आणि सहीसाठी क्लाइव्हकडे पेन मागितले.

मित्रांनो, कोणतीही वस्तू टांगण्याआधी एकदा वाजवून पाहा. वाजली, तर ती कुणाची आहे तेही विचारा.

तरी संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती, की सदर रविवार रद्द समजण्यात यावा व त्याच टेबलावर, त्याच माणसांसह, नवा रविवार घेण्यात यावा. आई बदलून मिळाल्यास अर्जदाराची हरकत नाही.