टीव्ही बंद असतानाही चढणारी वाळू

मित्रांनो, मी एक जुनी गेमची कॅसेट आहे. रंग पिवळा होता, आता विटला आहे. पाठीवरच्या कागदावर एक घुमट, एक उंट आणि अर्धा माणूस उरला आहे. माणसाचा वरचा भाग कुणीतरी नखाने खरवडून काढला. मला बघून तुम्हांला भीती वाटणार नाही. पण एका मुलीला मी मरणाच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि तेही तिचा माझ्यावर जीव होता म्हणून.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला, तुमचे आईवडील शाळेत जात होते तेव्हा. माझ्या पोटात झहरा नावाचं शहर आहे. ज्यांनी ते रचलं त्यांनी वाळवंट बहुधा चित्रातच पाहिलं होतं. घुमट, मनोरे, उंट, गालिचे, दिव्यातले जिन्न, सगळं त्यांनी सात गल्ल्यांत कोंबलं. पुढे डहाणूच्या दुकानात मस्कतला नोकरी करून आलेला एक माणूस माझा खेळ बघून खो खो हसला होता. "अरे, तिकडे असं काही नसतं. मोठमोठे रस्ते नि थंडगार दुकानं असतात." मला राग आला. पण त्याचं खरं होतं.

तरी माझ्यात काही नवं होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता. माझ्या जातीच्या खेळांत खेळणारा एक मुसाफिर बनतो, गावात फिरतो, लोकांशी बोलतो, लढून बळ कमावतो. इतर खेळांत गावकरी जे सांगतील ते खरंच असायचं. माझ्या झहरातली माणसं चुकू शकत. वेशीवर एक पहारेकरी उभा असतो. पायाखालची जमीन थरथरली की तो सांगतो, "घाबरू नका, उंटांचा तांडा चालला आहे." तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. किती तांडे गेले नि किती वेळा जमीन थरथरली हे मोजलं, आणि विहिरीत वाकून थरथरणारं पाणी बघितलं, तरच कळतं की तांडा नाही, वाळू येते आहे.

दुसरी गोष्ट माझ्या घड्याळाची. माझ्या पोटात बटणाएवढा सेल आहे. टीव्ही बंद करा, मला टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यातून काढा, कपाटात टाका, माझं घड्याळ चालूच राहतं. आणि ते चालतं तोवर झहरात वाळू चढत राहते. रोज येऊन खेळलात तर ती मागे रेटता येते. तीन दिवस आला नाहीत तर एक गल्ली गेली. माझ्यात तिसरीही एक नवी गोष्ट होती, पण ती कुणालाच ठाऊक नव्हती. ती शेवटी सांगेन.

२०१४ साली मी डहाणूला नितीनच्या दुकानात आले. नितीन जुने टीव्ही दुरुस्त करायचा. भंगारातून आलेल्या खोक्यात त्याला मी सापडले, तेव्हा माझा सेल मेलेला होता आणि झहरा नुसता काळा पडदा होता. त्याने मला उघडलं, पंख्याखाली धरून फुंकर मारली, नवा सेल बसवला. "ही चालेल अजून पाचसहा वर्षं," तो म्हणाला. मला वाटलं, जन्म मिळाला पुन्हा.

वर्षभराने तलासरीकडच्या एका पाड्यावरून लाहू आला. खदाणीत काम करणारा, खांद्यावर टॉवेल, बोटांना कायमची पांढरी धूळ. त्याने जुना टीव्ही आणि गेमचा डबा घेतला, आणि नितीनने मला वर फुकट दिलं. "पोरीला द्या. हिच्यात वाचायला पण लागतं."

पोरीचं नाव शितल. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. खेळातली इंग्रजी अक्षरं ती एकेक करून लावायची. महिन्याभरात तिला पहारेकऱ्याची चलाखी कळली. नाही, चलाखी म्हणणं चूक. त्याची चूक कळली. झहरात पाणी विकणारी हलीमा नावाची बाई आहे, तिची शितलला फार ओढ. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी वाळू रेटायची, मग हलीमाशी दोन शब्द. तिची आई नवशी म्हणायची, "हिचा एक पाडा हय, नि एक त्या डब्यात." माझी एवढी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती. मी सुखात होते, आणि सुखात मी आंधळी झाले.

ते घर लाहूने स्वतः बांधलं होतं. त्याच्या बापाचं घर कुडाचं होतं, कारवीच्या काटक्या विणून वर शेणमाती लिंपलेलं. ते मागे तसंच उभं होतं, त्यात शेळ्या आणि भात. लाहूने मात्र खदाणीतले दगड आणून मातीत रचले आणि भिंती उभ्या केल्या, हातभर रुंद. पाड्यावरचं पहिलं दगडी घर. पाहुणा आला की तो भिंतीवर थाप मारून दाखवायचा. तीच भिंत, जिच्या फळीवर टीव्ही होता आणि टीव्हीजवळ मी.

२०१८च्या दिवाळीनंतर पहिला दणका बसला. जमिनीच्या आतून, जसं कुणी खालून पोतं आपटावं. भांडी वाजली. नवशी चुलीपासून उठली.

"सुरुंग हाय," लाहू म्हणाला. "बस खाली."

त्याचं काय चुकलं, मित्रांनो? त्या भागात खदाणी खूप. दुपारी भोंगा वाजतो, माणसं बाजूला होतात, मग सुरुंग उडतो आणि आसपासच्या पाड्यांतली भांडी वाजतात. पोरं त्या आवाजात झोपतात. आणि लाहू तर स्वतः सुरुंगाची भोकं पाडणारा. कुठल्या दगडाचा आवाज कसा येतो हे त्याला विचारून लोक निर्धास्त व्हायचे. शेजारची बुधीबाई दारात आली. "लाहू, काय रं ह्ये?" "सुरुंग हाय, बाय. जा, जेव." ती गेली आणि जेवली.

पण शितल माझ्या शहरात वाढलेली होती. दुसरा दणका बसला तेव्हा तिने भोंगा ऐकला नव्हता. तिने पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून जमिनीवर ठेवला. मग तांदळाच्या पिठात बोट बुडवून आतल्या गेरूच्या भिंतीवर ठिपके द्यायला लागली. वरच्या ओळीत भोंगे, खालच्या ओळीत दणके. आठवड्याभरात वरची ओळ सहा ठिपक्यांची झाली आणि खालची दारापर्यंत गेली.

नवशीने ते बघितलं. तिला सगळं कळलं. "बघ तुझ्या पोरीनं काय मांडलंय," ती लाहूला म्हणाली. "तुझी खदाण एवढी उडती का?"

लाहूने ठिपके बघितले. "दुसऱ्याही खदाणी हायत," एवढंच म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याने भिंतीवर थाप मारणं सोडलं.

मग एका रविवारी खदाण बंद होती आणि तो घरात होता. तांब्यातलं पाणी आधी थरथरलं. माणसांना काही कळायच्या आधी पाण्याला कळतं. मग दणका आला, आणि फळीच्या वर, कोपऱ्यात, भिंतीला केसाएवढी चीर गेली. लाहूने चिरीवरून बोट फिरवलं. बोटाला माती लागली. त्या दिवशी तो 'सुरुंग' म्हणाला नाही. संध्याकाळी त्याने शेळ्या बाहेर बांधल्या आणि अंथरुणं बापाच्या कुडात नेली. कूड हलतं, पण पडत नाही; पडलंच तरी काटक्या आणि शेणमातीच पडते. पाड्यावर तोवर सगळेच भूकंपाच्या भीतीने बाहेर झोपू लागले होते. पुढे ताडपत्र्या आल्या, तंबू आले.

टीव्ही मात्र दगडी घरातच राहिला. कुडाला गवताचं छप्पर, तिथं वायर नको म्हणून लाहू अडून बसला. "चार दिवसांचं ते. थांबंल." आणि त्याने शितलला बजावलं, "आत पाय टाकायचा नाय."

आता माझं पाप ऐका.

पहिल्या तीन दिवसांत एक गल्ली गेली. पुढच्या तीनांत आणखी एक. शितलला घड्याळ ठाऊक होतं. ती कुडात बसून बोटांवर मोजायची. दोन आठवड्यांत ती चोरून आत येऊ लागली. आईबाप कामावर गेले की यायची, दहा मिनिटं वाळू रेटायची, पळून जायची; तेवढ्याने वाळू पुरती हटायची नाही, गल्ल्या जातच राहिल्या. चीर आता बोटभर झाली होती. प्रत्येक दणक्याला माझ्यावर माती गळायची. आणि मी? मित्रांनो, खरं सांगते, पहिल्या दिवशी मला आनंद झाला. ती माझ्यासाठी येते आहे! ज्या घड्याळाचा मला तोरा होता, ते घड्याळच तिला रोज त्या भिंतीखाली ओढून आणत होतं, हे मला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी उमगलं. मग मी रोज वाट बघू लागले की माझा सेल मरावा. नितीनने सेल चांगला घातला होता. तो मरेना.

फेब्रुवारीतली दुपार होती. झहरात एकच गल्ली उरली होती, हलीमाची. शितल आली, मला डब्यात बसवलं. पडद्यावर हलीमाच्या दारापर्यंत वाळू. शितल वाळू रेटत होती आणि तांब्या जमिनीवर होता. ती पडद्याकडे बघत होती. पाण्याकडे मी बघत होते. पाणी थरथरलं.

मला आवाज नाही. जो आहे तो खेळातला. मी तीच जुनी धून वाजवत राहिले.

मग दणका बसला. भिंतीतून दोन दगड सुटून फळीवर आले. दारात लाहू उभा. खदाणीतून लवकर परतला होता.

"शितल!"

"बाबा, एक बाई राहिलीय आत!" ती पडद्यावरची नजर काढेना.

लाहूने शिवी दिली नाही, मारलं नाही. तो आत आला. स्वतः बांधलेल्या त्या भिंतीखाली, डोकं वाकवून आला आणि पोरीचं मनगट धरून तिला ओढलं. तिने दुसऱ्या हाताने मला घट्ट धरलं, म्हणून मी डब्यातून निसटून तिच्याबरोबर बाहेर आले. अंगणात चार पावलं झाली असतील. मागे भिंत बसली. पडली नाही, बसली, दमलेलं माणूस बसतं तशी. टीव्ही, फळी, ठिपके सगळं पोटात घेऊन. बुधीबाई धावत आली.

"लाहू, काय झालं रं?"

लाहूने ढिगाऱ्याकडे बोट केलं. "सुरुंग नाय, बाय," तो म्हणाला. "कदी नव्हता." आणि मग तो मटकन खाली बसून रडला. त्याच्या बोटांवरची धूळ आणि भिंतीची धूळ एकच होती.

शितल मला मुठीत धरून तीन दिवस मोजत बसली. तिसऱ्या दिवशी तिने मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. आत अंधारात माझं घड्याळ चालत होतं. शेवटची गल्ली गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर लाहू ताडपत्री घ्यायला डहाणूला निघाला. शितलही गेली, मला घेऊन. नितीनच्या दुकानात ती म्हणाली, "एकदा लावून द्या. नुसतं बघायचंय."

पडद्यावर सगळी वाळू. घुमट नाही, विहीर नाही. शितलने मान वळवली. पण नितीनला सवय अशी की चालू केलेलं यंत्र पूर्ण तपासल्याशिवाय सोडायचं नाही. त्याने मुसाफिराला वेशीबाहेर नेलं, जिथे खेळताना कुणी जात नाही, कारण तिथे काही नसतं. तिथे तंबू होते. ओळीने. पहारेकरी होता, गालिचेवाला होता, आणि पाण्याची घागर घेऊन हलीमा उभी होती.

हीच माझी तिसरी नवी गोष्ट. कुणी वाळू रेटायला आलं नाही, की झहरातली माणसं आपापली बाहेर पडतात. त्यांना कुणी वाचवायचं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

हलीमा काहीतरी म्हणाली. नितीनने वाचून मराठीत सांगितलं, "आम्ही केव्हाच बाहेर आलो. तू आत कुणाला शोधत होतीस?"

शितलने मला डब्यातून काढून घेतलं. लाहूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "चल. पावसाच्या आदी ताडपत्री बांधाया पायजे."

अजूनही मधूनच जमीन वाजते. पेटीत मला ते आधी कळतं. मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा, विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. पाणी थरथरलं तर बाहेर या. कुणी मोठं माणूस 'काही नाही' म्हणालं तर त्याचाही हात धरून त्याला बाहेर आणा. आत मी राहिले असेन. मला घ्यायला परत जाऊ नका.